नोकरी सांभाळून डेटा अॅनालिटिक्स: ऑनलाइन अभ्यासक्रम कसा निवडावा?

लेखणी_लातूर:
मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून कर सल्लागाराच्या कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. एक्सेल रोजच्या वापरात आहे, पण पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची ओळख नाही. डेटा अॅनालिटिक्सकडे, म्हणजे आकडेवारीच्या विश्लेषणाकडे, वळण्यासाठी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा अभ्यासक्रम पुरेसा ठरेल, की आयआयटी मद्रासची ऑनलाइन पदवी घ्यावी? शिवाय एका खासगी कंपनीचा प्रतिनिधी विद्यापीठाच्या प्रमाणपत्रासाठी दीड लाख रुपये मागत असून जागा संपत आल्याचे सांगत रोज फोन करतो.

जुना_मास्तर:
आधी एनपीटीईएल करा. 'स्वयम' या केंद्र सरकारच्या शिक्षण-संकेतस्थळावर नोंदणी करून व्याख्याने ऐकणे आणि दर आठवड्याचा स्वाध्याय सोडवणे विनामूल्य आहे. शुल्क, साधारण १,००० रुपये, केवळ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे असते. अंतिम गुणांत स्वाध्यायाचा वाटा २५ टक्के आणि परीक्षेचा ७५ टक्के असल्यामुळे नुसती व्याख्याने पाहून प्रमाणपत्र मिळत नाही, आणि माझ्या मते त्यामुळेच त्याला मोल आहे. आयआयटी रोपडचा 'द जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन' नवख्यांना मानवतो. संख्याशास्त्र मात्र त्यात येत नाही, ते वेगळे शिकावे लागेल.

सांख्यिकी_प्रेमी:
मास्तरांशी सहमत आहे, तरी मद्रासचा पर्याय एवढ्यात बाद करू नका. २०२० साली सुरू झालेल्या या पदवीला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास आणि स्वाध्याय करून पात्रता परीक्षा देता येते. पुढे पायाभूत टप्पा, पदविका, बीएस्सी आणि बीएस (चार वर्षांची पदवी) अशा टप्प्यांवर थांबण्याची सोय असल्याने पूर्ण पदवीचे ओझे पहिल्याच दिवशी घ्यावे लागत नाही. मात्र एकेका विषयाला आठवड्याला सुमारे दहा तास द्यावे लागतात, तेव्हा जुलै ते सप्टेंबर, विवरणपत्रांच्या हंगामात, एकाहून अधिक विषय घेऊ नयेत.

कोकणी_पाहुणा:
त्या प्रतिनिधीला एवढेच विचारा की ही पदवी आहे की प्रमाणपत्र, आणि पदवी असल्यास यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण मंडळाच्या यादीत त्या विद्यापीठासमोर हा अभ्यासक्रम आहे का. यादी संकेतस्थळावर स्वतः तपासा. हप्ते म्हणून पुढे केलेला कागद पुष्कळदा वित्तसंस्थेच्या कर्जाचा असतो. अभ्यास अर्धवट सुटला तरी ते फेडावेच लागते.

लेखणी_लातूर:
आभारी आहे. येत्या सत्रात एनपीटीईएलची नोंदणी करते. संख्याशास्त्रासाठी मराठीतून काही सुचवता येईल का?