बी-विंग विणकाम ग्रुप: पाठ आखूड, पुढचे भाग लांब

बी-४०२: बायांनो, मदत हवी आहे. बाबांचं कार्डिगन जोडायला घेतलं आणि पाठ आखूड निघाली. खांदे जुळवले की पुढचे दोन्ही भाग खाली इंचभर लोंबतायत. बॉर्डर सोडून १५ इंच मोजूनच मुंढ्याला (बाही लागते त्या खाचेला) सुरुवात केली होती, तिन्ही भागांना. रविवारी त्यांचा ७५ वा वाढदिवस आहे. खरंच रडू येतंय.

सी-२०५ काकू: ओलं करून टाचण्या लाव आणि ताणून सुकव. माझ्या मरून स्वेटरला तसंच केलं होतं.

बी-४०२: अ‍ॅक्रिलिक आहे काकू.

ए-१०१ आजी: मग नुसतं ओलं करून ताणण्यात अर्थ नाही. खरी लोकर टाचण्या लावून सुकवली की तशी राहते, अ‍ॅक्रिलिक बहुतेक परत जागेवर येतं. आणि गरम इस्त्री तर अजिबात नको. कापड लुळं पडतं, बॉर्डरची पकड गेली की ती परत येत नाही. तू टेप ठेव बाजूला आणि ओळी मोज. बॉर्डर संपते तिथून मुंढ्याचे टाके मिटवलेत, म्हणजे बंद केलेत, तिथपर्यंत. सुलट बाजूला एकावर एक ‘व्ही’ दिसतात ना, एक व्ही म्हणजे एक ओळ. दर १० ओळींना रंगीत दोरा अडकवत जा, नाहीतर मध्येच चुकशील.

बी-४०२: मोजल्या. दोनदा. पाठ ९८, डावा पुढचा १०६, उजवा १०७. आता डावा-उजवा पण वेगळा!!

ए-१०१ आजी: त्या दोघांची काळजी सोड, तो एका ओळीचा फरक असायलाच हवा. टाके मिटवायचे ते ओळीच्या सुरुवातीला. डाव्या भागाचा मुंढा सुलट ओळीच्या सुरुवातीला येतो, उजव्याचा उलट ओळीच्या. म्हणून एक ओळ पुढेमागे होते. घोळ पाठीत आहे, ८ ओळी कमी. इंचाला किती ओळी बसतात तुझ्या?

बी-४०२: ७. सुया ८ नंबरच्या.

ए-१०१ आजी: म्हणजे इंचाहून थोडं जास्तच. पाठ मोजलीस तेव्हा ती सुईवर लटकत होती का?

बी-४०२: हो! सोफ्यावर बसून, सुई वर धरून मोजली होती. पुढचे भाग मात्र डायनिंग टेबलावर पसरून.

ए-१०१ आजी: तिथेच झालं बघ. सुईवर लटकली की स्वतःच्या वजनाने ओघळते. १४ इंचाची पाठ तुला १५ दिसली.

सी-२०५ काकू: मग शिवतानाच सामावून घेता येणार नाही का?

ए-१०१ आजी: २-३ ओळी असत्या तर मीच सांगितलं असतं. लांब बाजूला मधूनमधून एकाऐवजी दोन दांड्या (टाक्यांमधले आडवे दोरे) उचलायच्या, कळतही नाही. ८ ओळी कोंबल्या तर बगलेखाली फुगा येईल.

बी-३०१: मुंढ्याच्या वरचं काय? ते जुळतंय का? नसेल तर पाठ तिथपर्यंत उसवावीच लागेल.

बी-४०२: वरच्या ओळी बरोबर आहेत, पाठ ६६ आणि पुढचे पण ६६.

ए-१०१ आजी: मग वरचं काही उसवू नकोस. खालून वाढवू. बॉर्डरच्या वरची तिसरी साधी ओळ शोध. १२ नंबरच्या बारीक सुईवर त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय (व्हीची उजवी बाजू) उचल, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, ओळ न बदलता. मग त्याच्या खालच्या ओळीत मधोमध एकच टाका काप आणि दोन्हीकडे एकेक टाका सोडवत जा. बॉर्डर सुटून हातात येईल, वरचे टाके सुईवर सुरक्षित राहतील. आता खालच्या दिशेने विणायचं. गेलेल्या २ आणि कमी पडलेल्या ८, अशा १० ओळी. त्यानंतर १० नंबरच्या सुईवर बॉर्डर नव्याने, आणि टाके सैल मिटवायचे. टाके मोजशील तेव्हा एखादा कमी भरेल, घाबरू नकोस, कडेला वाढवून घे.

बी-३०१: जोड दिसत नाही का आजी?

ए-१०१ आजी: साध्या विणीत नाही. असं वरून खाली विणताना टाका अर्धा सरकतो, पण साध्या विणीत ते डोळ्याला कळत नाही. बॉर्डरच्या मध्ये कापलं असतं तर सुलट-उलट उभ्या रेघा तुटलेल्या दिसल्या असत्या. म्हणून कापायचं ते वर, साध्या विणीतच. लोकर आहे ना शिल्लक?

बी-४०२: एक गुंडा अख्खा आहे. लेबलवरचा लॉट नंबरही तोच.

ए-१०१ आजी: छान. बॉर्डरची उसवलेली लोकर वळलेली असते, ती आत्ता वापरू नकोस, नवा गुंडाच घे.

बी-३०१: मी पुढचे दोन्ही भाग एकाच सुईवर, दोन गुंडे लावून विणते. दोन्ही एकदमच वाढतात.

ए-१०१ आजी: अगदी बरोबर. आणि पाठीच्या ओळी कागदावर लिहून ठेवायच्या, पुढचे भाग त्या आकड्यावर थांबवायचे. मी टेप फक्त पहिल्या भागाला लावते, तोही सपाट टेबलावर.

बी-४०२: तिसऱ्या ओळीत सुई घातलीये. सगळे टाके उचलले. कात्री हातात आहे पण हात थरथरतोय.

ए-१०१ आजी: थांब. टाके मोज, सुईवर एकही निसटलेला नको. आणि मी पोहोचेपर्यंत कापू नकोस. लिफ्ट बंद आहे, जिन्याने येते, दहा मिनिटं लागतील.

बी-४०२: चहा टाकते आजी.