मदत हवी आहे: सर्व्हरवरून प्रिंटर ड्रायव्हर शेअर होत नाहीत, परवानगी नाकारतो (तातडीचे)

कागदअडकला | सोमवार, ११:०८
नमस्कार मंडळी,
सर्व्हरवर प्रिंटर शेअर केलेत. ड्रायव्हरही तिथूनच सगळ्या मशीनवर जावेत, म्हणजे प्रत्येक टेबलापाशी पेन ड्राइव्ह घेऊन नाचायला नको. पण काहीही केलं तरी ‘ॲक्सेस इज डिनाइड’. ॲडमिननेच लॉगिन केलंय. पासवर्ड बरोबर आहे. फोल्डरला परवानगी दिलेली आहे. सर्व्हर रीस्टार्ट करून झालाय, तेव्हा तो सल्ला नको. गूगलही करून झालंय. दुपारपर्यंत हवं आहे. नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा.

रांगेतला_दुसरा | ११:१५
सर्व्हर कुठला, विंडोज की लिनक्सवर सांबा (लिनक्सवरून विंडोज मशीनना फाइल-प्रिंटर शेअर करणारं सॉफ्टवेअर)? डोमेन (सगळी मशीन एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यात) आहे की नुसता वर्कग्रुप (प्रत्येक मशीन स्वतंत्र)? एरर कधी येते, ड्रायव्हर सर्व्हरवर चढवताना की दुसऱ्या मशीनने तो उतरवून घेताना? आणि ॲडमिन म्हणजे कुणाचा ॲडमिन, तुमच्या मशीनचा की सर्व्हरचा? एवढं कळल्याशिवाय जे सांगू तो अंदाजपंचे कारभार होईल.

खटपट्या | ११:१९
इतके प्रश्न कशाला? ड्रायव्हरच्या फोल्डरला सीएचमॉड ७७७ मारा (म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी), आतल्या फोल्डरांसकट. काम झालं की कळवा.

विंडोजवाला | ११:२३
ही ११बी वाली एरर आहे, विंडोजवर शेअर केलेला प्रिंटर जोडताना येते ती. सप्टेंबर २०२१च्या अपडेटनंतर सगळ्यांना आली होती. सर्व्हरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांचा साठा) कंट्रोल, प्रिंट या की-खाली आरपीसी प्रायव्हसीची व्हॅल्यू बनवून शून्य करा, स्पूलर (छपाईची कामं सांभाळणारी सेवा) रीस्टार्ट करा. दोन मिनिटांचं काम. मी किती ठिकाणी केलंय याची गणती नाही.

रांगेतला_दुसरा | ११:२६
त्यांनी ११बी कुठे लिहिलंय? सर्व्हर विंडोज आहे हे तरी कुठे लिहिलंय? आणि ती व्हॅल्यू शून्य करणं म्हणजे मायक्रोसॉफ्टने जे छिद्र बुजवलं ते पुन्हा उघडणं. किती ठिकाणी केलंय ते इथे सांगू नका.

कागदअडकला | ११:४०
सर्व्हर नेहमीचाच आहे, डेबियन लिनक्स. अर्थात सांबा. डोमेन वगैरे नाही. आधीचा माणूस बसवून गेला, त्याने काय काय केलं त्याची नोंद नाही. रजिस्ट्री शोधायला सांगणाऱ्यांनी जरा वाचून लिहावं.
७७७ मारून बघितलं. फाइल कॉपी होते, ड्रायव्हर मात्र लागत नाही. तीच एरर.

विंडोजवाला | ११:४४
वाचायला लिहिलं होतं कुठे?

निळीशाई | ११:५२
कागदअडकला, ‘फाइल कॉपी होते पण ड्रायव्हर लागत नाही’ हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, निदान आता तरी कळलं. म्हणजे तुम्ही चढवण्याच्या पायरीवर अडकलाय.

सांबात तिथे दोन वेगवेगळ्या तपासण्या होतात. एक फाइल सिस्टिमची: प्रिंट$ शेअरच्या (ड्रायव्हर ठेवायच्या) फोल्डरमध्ये लिहिता येतं का. दुसरी सांबाची स्वतःची: आलेल्या माणसाला ड्रायव्हर नोंदवायचा हक्क आहे का. त्या हक्काचं नाव ‘एसई प्रिंट ऑपरेटर प्रिव्हिलेज’, सगळे शब्द जोडून. ७७७ने पहिली तपासणी पार पडली, दुसरीला ७७७ माहीतच नाही.

आता एक करा. विंडोजमधून सर्व्हरला जोडलेले असताना सर्व्हरवर एसएमबीस्टेटस (कोण कुठल्या नावाने जोडलंय ते दाखवणारी आज्ञा) चालवा आणि युजरनेमच्या रकान्यात काय दिसतं ते लिहा. ‘ॲडमिननेच लॉगिन केलंय’ यावर माझा विश्वास नाही.

आणि ते ७७७ काढा. त्या फोल्डरमधली डीएलएल (ड्रायव्हरची प्रोग्राम फाइल) प्रत्येक क्लायंटवर स्पूलरमध्ये लोड होते आणि स्पूलर सिस्टिम अकाउंटने चालतो. कोणीही त्या फाइलच्या जागी दुसरी ठेवली तर एका दमात सगळी मशीन त्याची.

खटपट्या | ११:५८
वर्षानुवर्षे ७७७ने चालवतोय, अजून कोणी मशीन पळवून नेलं नाही.

निळीशाई | १२:०१
कुलूप नसलेल्या दाराबद्दलही चोरी होईपर्यंत हेच म्हणता येतं.

जुना_गडी | १२:१०
एक्सपीच्या काळात प्रिंटरवर डबल क्लिक केलं की ड्रायव्हर आपोआप यायचा. कोणी पासवर्ड विचारत नव्हतं. आता सुरक्षा सुरक्षा करून साधा कागद छापणं अवघड करून ठेवलंय.

रांगेतला_दुसरा | १२:१३
पासवर्ड न विचारता यायचा म्हणूनच तर हे सगळं झालं ना. २०१०च्या स्टक्सनेट वर्मने जी छिद्रं वापरली त्यात प्रिंट स्पूलरचंही एक होतं. २०२१ला प्रिंटनाइटमेअर, तेही स्पूलरमधलंच छिद्र. म्हातारं सॉफ्टवेअर आहे, सगळ्या मशीनवर सदैव चालू, आणि हक्क सर्वोच्च.

कागदअडकला | १२:२०
इतिहास नंतर. एसएमबीस्टेटसमध्ये ‘नोबडी’ दिसतंय. हा कोण? मी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आलोय.

निळीशाई | १२:३१
तोच तो. तुम्ही तुमच्या विंडोज मशीनचे ॲडमिनिस्ट्रेटर आहात. सांबाच्या यादीत त्या नावाचा कोणी नाही. एसएमबी.कॉन्फमध्ये (सांबाच्या सेटिंगची फाइल) ‘मॅप टू गेस्ट = बॅड युजर’ अशी ओळ असणार. तिचा अर्थ: अनोळखी नाव आलं तर हाकलू नका, पाहुणा म्हणून आत घ्या. पासवर्ड तपासलाच जात नाही, म्हणून तो तुम्हाला ‘बरोबर’ वाटतो. डेबियनच्या तयार फाइलमध्ये ही ओळ असतेच, आधीच्या माणसाला बोल लावू नका.

पुढचं असं. एक लिनक्स युजर बनवा, समजा ‘छपाई’ (नाव रोमनमध्येच द्या, मी इथे देवनागरीत लिहितेय). एसएमबीपासडब्ल्यूडी वजा ए देऊन त्याला सांबाचा पासवर्ड द्या. मग सर्व्हरवर रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी युजर) होऊन ‘नेट सॅम राइट्स ग्रँट’, पुढे युजरचं नाव, पुढे वर लिहिलेला हक्क. दिला गेला का ते ‘नेट सॅम राइट्स लिस्ट’ आणि हक्काचं नाव देऊन पडताळा. डोमेन असतं तर हेच ‘नेट आरपीसी राइट्स’ने ॲडमिन गटाला दिलं असतं.

फोल्डर त्या युजरच्या गटाच्या नावे करा आणि २७७५ द्या. पुढचा २ महत्त्वाचा, त्याने नव्या फाइलही त्याच गटाच्या होतात. हे आतल्या एक्स६४ फोल्डरलाही लागू करा, तो बहुतेक वेळा रूटच्या नावावर पडलेला असतो.

विंडोजवर आधीचं कनेक्शन तोडा: नेट यूज, तारा (*), स्लॅश डिलीट. नाहीतर जुना पाहुणाच चिकटून राहतो, कारण एका सर्व्हरला एकाच वेळी दोन नावांनी जोडू देत नाही. मग ‘छपाई’ने जोडून प्रिंट मॅनेजमेंटमधून ड्रायव्हर चढवा.

कळफलक_तुटका | १२:३४
एसएमबी.कॉन्फमध्ये ‘प्रिंटर ॲडमिन =’ अशी ओळ टाकली की होतं. एका लेखात वाचलंय.

निळीशाई | १२:३७
तो लेख सांबा ३च्या काळातला असणार. ते पॅरामीटर केव्हाच काढून टाकलंय. टेस्टपार्म (ती फाइल तपासणारी आज्ञा) चालवलंत तर ‘अननोन पॅरामीटर’ म्हणून सांगेल.

सीयूपीएस_प्रेमी | १२:४०
युजरला एलपीॲडमिन गटात टाका.

रांगेतला_दुसरा | १२:४२
तो गट सर्व्हरवर सीयूपीएसच्या (लिनक्सच्या छपाई यंत्रणेच्या) रांगा सांभाळण्यासाठी. विंडोज ड्रायव्हरशी त्याचा संबंध नाही. टाकून काही बिघडणार नाही, पण सुटणारही नाही.

कागदअडकला | १३:५५
चढला. एक्स६४ खरंच रूटचा होता. एका मॉडेलचा ड्रायव्हर मात्र यादीत येतच नाही.
आणि आता नवीनच. साध्या युजरच्या लॉगिनमधून प्रिंटर जोडला की ‘डू यू ट्रस्ट धिस प्रिंटर’ आणि वर ॲडमिनचा पासवर्ड मागतो. म्हणजे परवानगी अजूनही चुकीचीच आहे ना? सांबात आणखी कुठला हक्क राहिलाय?

निळीशाई | १४:०६
न येणारा ड्रायव्हर टाइप ४ (विंडोज ड्रायव्हरचा नवा प्रकार) असेल. सांबा फक्त जुना टाइप ३ घेतं. कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचा टाइप ३ किंवा युनिव्हर्सल ड्रायव्हर मिळतो का बघा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्व्हरवर नाहीच. सांबाने ड्रायव्हर द्यायचं काम केलं. आता नकार देतंय ते समोरचं विंडोज. प्रिंटनाइटमेअर (सीव्हीई-२०२१-३४५२७) नंतर १० ऑगस्ट २०२१च्या अपडेटपासून सर्व्हरवरून येणारा नवा ड्रायव्हर बसवायला ॲडमिन लागतो, सर्व्हर कुठलाही असो.

विंडोजवाला | १४:०९
आता माझी पाळी. ‘रिस्ट्रिक्ट ड्रायव्हर इन्स्टॉलेशन टू ॲडमिनिस्ट्रेटर्स’ ही व्हॅल्यू शून्य करा. क्लायंटवर करायची आहे आणि क्लायंट विंडोजच आहेत, तेव्हा या वेळी कोणी रजिस्ट्री कुठे म्हणून विचारू नये.

निळीशाई | १४:१४
चालेल, आणि पुन्हा २०२१च्या जुलैत जाऊन बसाल. स्वतः मायक्रोसॉफ्टचंच म्हणणं आहे की शून्य केल्यावर बाकीच्या पॉलिसी लावल्या तरी पूर्ण संरक्षण मिळत नाही. त्यातून या सर्व्हरवर सकाळी ७७७ होतं आणि पाहुण्यांना मोकळी वाट होती.

विंडोजवाला | १४:१७
आतलं नेटवर्क आहे हो. कोण येतंय प्रिंटर हॅक करायला? लोकांना कागद हवाय.

रांगेतला_दुसरा | १४:२१
एका माणसाने मेलमधलं भलतं काहीतरी उघडलं की आतलं नेटवर्क बाहेरचं होतं.
मधला मार्ग आहे. ड्रायव्हर मशीनवर आधीच असेल आणि सर्व्हरवरच्याशी तंतोतंत जुळत असेल तर विंडोज काही उतरवत नाही आणि विचारतही नाही. एकदा ॲडमिन म्हणून पीएनपीयुटिल (विंडोजची ड्रायव्हर बसवणारी आज्ञा) स्लॅश ॲड-ड्रायव्हर, पुढे ड्रायव्हरची आयएनएफ फाइल, शेवटी स्लॅश इन्स्टॉल. आवृत्ती सारखीच हवी. सर्व्हरवर नवा चढवला की सगळीकडे नवा.

कागदअडकला | १४:२५
म्हणजे परत प्रत्येक टेबलापाशी पेन ड्राइव्ह. हेच टाळायला तर धागा काढला होता.

रांगेतला_दुसरा | १४:२८
डोमेन असतं तर स्टार्टअप स्क्रिप्टने झालं असतं. वर्कग्रुपमध्ये फिरावंच लागतं. प्रिंट मॅनेजमेंटमध्ये ‘पॅकेज्ड’ असा रकाना असतो, तिथे ट्रू आहे का तेही बघा. फॉल्स असेल तर जुलै २०१६च्या अपडेटपासूनच विंडोज कुरकुर करतं.

ड्रायव्हरमुक्त | १४:३३
सकाळपासून वाचतोय. मुळात ड्रायव्हर शेअर का करताय? सीयूपीएस आहेच सर्व्हरवर. रांगा शेअर करा (सीयूपीएससीटीएल, शेअर-प्रिंटर्स), विंडोजमध्ये ६३१ पोर्टचा पत्ता देऊन आयपीपीने (नेटवर्कवरून छापण्याची प्रमाणित पद्धत) जोडा. विंडोजमधलाच आयपीपी क्लास ड्रायव्हर लागतो, बाहेरून काही येत नाही. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३मध्येच सांगितलंय की कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बंद करणार. तुम्ही जे शिकताय ते मरणपंथाला लागलेलं आहे.

जुना_गडी | १४:३८
आणि स्टेपल, छिद्रं पाडणं, खात्यानुसार पिन कोड? क्लास ड्रायव्हरमध्ये यातलं किती दिसतं ते स्वतः बघा आणि मग बोला.

ड्रायव्हरमुक्त | १४:४१
दुहेरी छपाई, ट्रे, रंग दिसतात. प्रिंटर नीट सांगत असेल तर स्टेपलही दिसतो. पिन कोडचं मान्य.

जुना_गडी | १४:४२
‘नीट सांगत असेल तर’. बास.

खटपट्या | १४:५०
प्रत्येक मशीनवरून थेट प्रिंटरच्या आयपीला पाठवा, पोर्ट ९१००. सर्व्हरच नको.

निळीशाई | १४:५२
मग ड्रायव्हर बसवायला प्रत्येक मशीनपाशी जाणार कोण?

कागदअडकला | मंगळवार, १०:१६
अपडेट. साध्या प्रिंटरांना आयपीपी लावलं. साध्या युजरच्या लॉगिनमधून जोडलं, पासवर्ड मागितला नाही. मोठ्या मशीनला पिन कोड लागतो, तिथे क्लास ड्रायव्हर उपयोगाचा नाही. ते वापरणारे मोजकेच आहेत, त्यांच्याकडे पीएनपीयुटिल करून सर्व्हरवरच्या रांगेला जोडलं. मॅप टू गेस्टची ओळ ‘नेव्हर’ केली. त्यावर स्कॅनरवाले ओरडायला लागले, स्कॅन फोल्डरमध्ये पडत नाही म्हणून.

निळीशाई | १०:२४
स्कॅनरही पाहुणा म्हणूनच येत असणार. त्याला सांबात वेगळा युजर द्या, फक्त स्कॅनच्या फोल्डरपुरता. ‘छपाई’चा पासवर्ड स्कॅनरमध्ये भरू नका.

कागदअडकला | १०:२६
स्कॅनर बराच जुना आहे, फक्त एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) बोलतो बहुतेक.

रांगेतला_दुसरा | १०:२९
मॉडेल? फर्मवेअर? एफटीपी (फाइल पाठवायची दुसरी पद्धत) किंवा मेलने पाठवायची सोय आहे का त्यात? सर्व्हरवर एसएमबी १ चालू करायच्या आधी हे सांगा.

विंडोजवाला | १०:३१
एसएमबी १ चालू करा, दोन मिनिटांचं काम.

पिवळापान | १०:४७
इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. माझ्या लेझर प्रिंटरवर प्रत्येक पानावर उभी काळी रेघ येते. ड्रायव्हर बदलून पाहिला.

जुना_गडी | १०:५५
ड्रम. ड्रायव्हरचा काय संबंध! स्कॅनची काच असेल तर तीही पुसा, पण ती रेघ फक्त कॉपी काढताना येते. थेट छापतानाही येत असेल तर बहुतेक ड्रमच.

कागदअडकला | १०:५८
कृपया वेगळा धागा काढा. स्कॅनरमध्ये एफटीपी सापडलं, मॉडेल संध्याकाळी बघून लिहितो.