पऱ्यातले गोटे कधी हलतात?

आबा_लांजा:
लांज्याजवळ आमच्या घरामागे पऱ्या (लहान ओहोळ) आहे. जुलैत रात्री पाणी चढलं की गोटे एकमेकांवर आपटल्याचा दबका आवाज अंथरुणातही ऐकू येतो. यंदा मे महिन्यात लिंबाएवढ्या दहा गोट्यांना पिवळा ऑइलपेंट लावून आडव्या ओळीत मांडले. घोटाभर पाण्यात एकही हलला नाही. मग एका रात्री मांडीभर पाणी आलं. सकाळी तीन जागेवर होते, एक चाळीस पावलं खाली, बाकीचे सापडलेच नाहीत. गवंड्याच्या लेव्हल पाइपने उतार मोजला: 30 मीटरला 30 सेंटीमीटर. गोटे गेले, वाळू गेली, पण काठाची मऊ चिकणमाती तशीच. असं का?

तळठाव:
आबा, मोजमाप घेतलंत हे फार छान केलंत. पाणी तळाला किती जोराने ओढतं हे खोली गुणिले उतार यावर ठरतं. तुमच्या उतारावर 10 सेंमी पाण्याची ओढ दर चौरस मीटरला सुमारे 10 न्यूटन, 60 सेंमीची सुमारे 60. सुटा गोटा हलायला त्याच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे साधारण पाऊण न्यूटन लागतो. 5 सेंमीच्या गोट्याला झाले 35-40. शील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने 1936 साली बर्लिनमध्ये या हिशेबाचा पाया घातला. गोटा सहसा एकदम उचलला जात नाही, पुढच्याच्या खांद्यावरून कलंडतो. शिवाय पाणी धक्क्याधक्क्याने ओढतं, म्हणून शेजारशेजारचे दोन गोटेही एकाच वेळी सुटत नाहीत.

चिकणमातीचे कण वजनाने नगण्य, पण एकमेकांना घट्ट धरून असतात. सगळ्यात लवकर सुटते ती वाळू. किती वेगाच्या पाण्यात कोणता कण सुटतो हे दाखवणाऱ्या, स्वीडिश भूगोलतज्ज्ञ युल्स्ट्रॉम यांच्या 1935 च्या आलेखात हे स्पष्ट दिसतं. चिकणमाती एकदा सुटली मात्र, की लवकर खाली बसत नाही.

संगमेश्वरची_माई:
आमच्याकडे गडग्यासाठी (दगडी कुंपणासाठी) पऱ्यातले वरचे गोटे काढले होते. त्यांच्याखाली सगळी वाळू. पुढच्याच पावसात तळ हातभर खचला आणि काठावरची दोन माडांची मुळं उघडी पडली. वरच्या गोट्यांना हात लावू नका, आबा.

आबा_लांजा:
माई, नाही लावणार. तळठाव, आत्ता जाऊन पाहिलं: जागेवर राहिलेले तिन्ही गोटे एका मोठ्या धोंड्याच्या आडोशाला आहेत! पुढच्या मे महिन्यात वीस रंगवतो, दहा धोंड्याआड, दहा उघड्यावर. पाणी किती चढलं ते कळायला काठावर खुणांची काठीही रोवतो.