वर्षाला २४ पुस्तकं: आकड्याने माणूस सुधारतो का?

तापीकाठ
गेल्या जानेवारीत वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, यंदा २४ पुस्तकं. भुसावळ-जळगाव रोजचं अप-डाऊन, तेव्हा गाडीत वाचून होतील असा हिशोब. ऑक्टोबर संपला तेव्हा १५ झाली होती आणि मी कपाटापुढे उभा राहून पुस्तकांची जाडी बघायला लागलो. महाभारतावरचं एक जाडजूड अर्ध्यावर आलं होतं, ते बाजूला ठेवलं. ऐंशी-नव्वद पानांची उचलली. ३१ डिसेंबरला २४ भरली. मुलीने विचारलं, "पप्पा, शेवटचं कशावर होतं?" सांगता येईना!
माझं मत झालंय की स्वतःत सुधारणा करायची तर आकडा लावूच नये. मग आपण आकडाच भरत बसतो. तुम्हाला काय वाटतं?

नऊफणी
भाऊ, आकड्याला कशाला दोष? तुम्ही मोजलंच भलतं. आमच्याकडे रावेरला केळी सहा बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १४५२ रोपं बसतात. कटतीला, म्हणजे कापणीला, घड २५ किलोचा निघावा असं कोणाला वाटत नाही? पण ते वहीत लिहून काय होणार? फण्या किती येणार हे निसवणीआधीच, म्हणजे घड बाहेर पडायच्या आधीच, खोडाच्या पोटात ठरलेलं असतं. म्हणून आम्ही लिहितो ते ठिबक किती तास चाललं, खताचा कुठला डोस कोणत्या आठवड्यात गेला, बुंध्याशी फुटलेली पिलं कधी कापली. वजन काय, काट्यावर कळतंच. तुम्ही पुस्तकं मोजली. आज गाडीत वीस मिनिटं वाचलं का, एवढंच मोजायचं होतं.

तापीकाठ
वीस मिनिटंही भरता येतात हो. डोळे पानावर, कान शेजारच्या रमीवर.

नऊफणी
मग डबा बदला 😄

अमळनेरी
'स्मार्ट' ध्येयांचं, म्हणजे ध्येय नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं वगैरे हवं अशा पाच इंग्रजी अक्षरांच्या (SMART) कसोट्यांचं, हे खूळ जॉर्ज डोरन यांच्या १९८१च्या लेखातून आलं, आणि तो लेख होता कंपनीतल्या मॅनेजरांसाठी. प्रत्येक उद्दिष्टात पाचही अक्षरं बसलीच पाहिजेत असं नाही, हे त्यांनी त्यातच लिहून ठेवलंय. आपण तेवढं सोडून बाकीचं घेतलं. १० हजार पावलांचंही तसंच. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'मान्पोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. आता जळगावच्या मेहरूण तलावावर संध्याकाळी लोक बाकावर बसून मनगट हलवताना दिसतात. मी तापीकाठ यांच्या बाजूने.

धुळ्याची
माझं थोडं वेगळं आहे. पोराचा अभ्यास घेताना मी फार ओरडायचे. मग ठरवलं, ओरडले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली. पहिल्या महिन्यात १९, चौथ्यात ६. मी खूश. एके रात्री पोरगा पेन घेऊन आला, "आई, आजची फुली राहिली." म्हटलं, आज तर मी एक शब्द बोलले नाही. म्हणाला, "तेच ना. तू गप्प बसतेस तेव्हा जास्त भीती वाटते."
आता पेन त्याच्याकडे असतं. या महिन्यात ११.

नऊफणी
बघा! ताईंनी मोजणं कुठे सोडलं? फक्त मोजणारा बदलला.

तापीकाठ
नाही भो, तुम्ही फिरून फिरून सगळं काट्यावरच आणता. पोराला भीती वाटत होती ती काय फुल्यांमुळे कळली? त्याला ती आधीपासून माहीत होती.

धुळ्याची
त्याला होती, दादा. मला नव्हती. फुल्या नसत्या तर पेन घेऊन तो कशाला आला असता?

तापीकाठ
हे मात्र खरं. बरं, ते जाडजूड पुस्तक पुन्हा काढलंय. खूण २१२व्या पानावर होती, पण मागचं काही आठवेना, म्हणून पहिल्यापासून धरलं. यंदा वहीत आकडाबिकडा नाही.

नऊफणी
छान. किती झालं?

तापीकाठ
४६ पानं.

नऊफणी
😄😄