ब्रेस्ट इम्प्लांटनंतर एक बाजू वर, एक खाली, परत ऑपरेशन करावं का?

गंगापूररोडवाली: दिवाळीनंतर सर्जरी झाली, आता उजवी बाजू बसलीये छान पण डावी अजून वरच, ब्लाऊज शिवायला टाकला तर टेलरताई म्हणे मापच जुळत नाहीये. डॉक्टर म्हणतात थांबा, नवरा म्हणतो दुसरीकडे दाखवू. काय करू?

सिडकोची_सुनबाई: अगं थांबच. सूज दोन्हीकडची सारखी उतरत नाही, इम्प्लांट खाली बसायला 3 ते 6 महिने लागतात, त्याआधी कोणी चांगला सर्जन परत हात लावत नाही. आणि आधीचे फोटो काढून बघ, बहुतेकींचं मुळातच थोडं कमीजास्त असतं, ऑपरेशननंतर आरशात जरा जास्तच बघतो आपण 😄

स्टाफनर्स_नाशिकरोड: डावी बाजू कडक लागते का, दुखते का? तसं असेल तर इम्प्लांटभोवती शरीराने बनवलेलं आतलं कवच आवळलं असेल, कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, ते मसाजने जात नाही, कवच सोडवावं किंवा काढावं लागतं. नुसती जागा चुकली असेल तर आतून टाके घालून पॉकेट, म्हणजे इम्प्लांट बसवलेली जागा, नीट करतात, थोडाच फरक असेल तर चरबी भरूनही भागतं. पण एकच बाजू अचानक सुजली, लाल झाली, ताप आला तर त्याच दिवशी दाखव.

गंगापूररोडवाली: कडक नाहीये, दुखतही नाही. इन्शुरन्समध्ये बसेल का?

सिडकोची_सुनबाई: कॉस्मेटिकला सहसा नाहीच देत. दुसरं मत जरूर घे, एमसीएच (एमएसच्या पुढची पदवी) प्लास्टिक सर्जनचंच, आणि जाताना इम्प्लांटचं कार्ड ने.