संशोधनात ‘आज पुरे’ हे कशावरून ठरवायचं?

पीएचडी करणाऱ्या किंवा त्यातून सुखरूप बाहेर पडलेल्या मंडळींकडून मदत हवी आहे.

माझं काम सिम्युलेशनचं, म्हणजे संगणकावर प्रयोग चालवून बघायचं. परिषदेची मुदत जवळ आली की रात्रंदिवस जुंपून घेते. पेपर गेला की पुढे कित्येक दिवस फाइल उघडवत नाही. मग अपराधी वाटतं आणि ते भरून काढायला पुन्हा तीच धावपळ. आळस म्हणावा, तर सुट्टीतही डोक्यात तेच चालू असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे. तीन खुणा दिल्यात: गळून जाणं, कामाचा तिटकारा किंवा दुरावा आणि हातून काही होत नाही ही भावना. पहिली आणि तिसरी ओळखीच्या आहेत. आता दुसरी डोकावतेय, म्हणून विचारतेय.

पोमोडोरो (२५ मिनिटं काम, मग छोटी विश्रांती) करून पाहिलं. संदर्भ नीट लावायला ठीक आहे, पण डीबगिंगमध्ये जरा कुठे चूक सापडतेय तोच २५ मिनिटं संपतात.

‘वाचायचे आहेत’ हे फोल्डर कधीच रिकामं होणार नाही. मग दिवस संपला हे तुम्ही कसं ठरवता? आणि काहीच हाती न लागलेल्या आठवड्यात गाइडला काय दाखवता? (‘योगा करा, लवकर झोपा’ सोडून सांगा, प्लीज.)

अर्धविराम: तास मोजू नका. प्वांकारेसारखा गणिती सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात एवढंच बसायचा. सकाळी असं काम ठरवा जे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. रिझल्ट येणं हातात नसतं. दोन पॅरामीटर बदलून रन लावणं आणि नोंद करणं असतं. ते झालं की उठा. उठताना फाइलच्या तळाशी उद्याचं पहिलं काम लिहा, तेही अगदी बारीक: ‘आकृती ४ चे एरर बार फार मोठे दिसतायत, आधी नॉर्मलायझेशन तपासणे’. ‘चर्चा विभाग पूर्ण करणे’ असं लिहिलंत तर दुसऱ्या दिवशी लॅपटॉपकडे बघवत नाही.

दुसरा समीक्षक: गाइडला फसलेला रनच दाखवा. एक पान: काय केलं, काय आलं, का पटत नाही. पुढे थिसिस लिहिताना ही पानं सोन्यासारखी वाटतात. मुदतीनंतरचे दिवस कॅलेंडरवर आधीच रिकामे ठेवा, ते तसेही जाणारच आहेत. तिटकाऱ्याचं मात्र गाइडशी किंवा समुपदेशकाशी बोलाच. ते वेळापत्रकाने सुटत नाही.

धागाकर्ती: दोघांचे आभार. एका पानाचं जमेल. पण आमची मीटिंग महिन्यातून एकदा, तीही बरेचदा पुढे ढकलली जाते. मधल्या आठवड्यांत ते पान कुणाला दाखवायचं? लॅबमधल्या कुणाशी अशी अदलाबदल करून ती टिकली आहे का कुणाची?