मीटर रूममधल्या ट्रंका

ए-३०१: मीटर रूमच्या दारात इथल्या जुन्या मराठी हायस्कूलची दोन रजिस्टरं भिजून पडल्यात. ट्रंकेचं झाकण उघडं कुणी टाकलं?

सी-१०४: परवा हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) माणूस रीडिंगला आलेला. उभं राहायला जागा नाही म्हणून सरकवली असतील.

बी-१०२: चावी कुणाकडे आहे?

डी-२०२: शाळेच्या संस्थेनं "आठ दिवस ठेवा" म्हणून ठेवलेल्या ट्रंका. शाळा पाडून बिल्डिंग झाली, आम्ही राहायला आलो, तरी आठ दिवस संपेनात. शनिवारी रद्दीवाला येतोय, देऊन टाका एकदाच.

ए-३०१: रद्दी न्हवे ती. जनरल रजिस्टर आहे, पोरांच्या प्रवेशाच्या नोंदींचं.

डी-२०२: मग कपाट करून पूजा करा की.

ए-००३: डी-२०२, रागावू नका, पण ती द्यायचा अधिकार सोसायटीला नाही. शाळा बंद झाली तरी जन्मतारखेचा, जातीचा आणि टीसीचा (शाळा सोडल्याच्या दाखल्याचा) मूळ आधार तेच रजिस्टर. टीसी हरवला की दुसरी प्रत त्यातली नोंद बघूनच निघते. बंद शाळेचं दप्तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसकडे किंवा ते सांगतील त्या शाळेकडे गेलं पाहिजे. आणि आत्ता आधी ती वाळवा. ओला कागद दोन दिवस तसाच राहिला तर बुरशी धरतो.

सी-१०४: गच्चीवर उन्हात पसरू?

ए-००३: उन्हात नको. पुठ्ठा वाकडा होतो, शाई उडते. इस्त्री, हेअर ड्रायर तर नकोच नको. सावलीत टेबलावर, पंखा बारीक. दर दहा-पंधरा पानांमागे कोरा पांढरा कागद घाला आणि दोन-दोन तासांनी बदला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, वाळताना बरीचशी आपोआप सुटतात. लाल शाईच्या नोंदी आधी बघा, ती सगळ्यात आधी फुटते.

बी-४०२: डांबरगोळ्या आहेत माझ्याकडं, देऊ?

ए-००३: त्यानं झुरळं, कसर लांब राहील, बुरशी नाही जात. त्यापेक्षा ट्रंकांखाली विटा ठेवा आणि भिंतीपासून वीतभर पुढं घ्या. वाळवी भिंतीतून, जमिनीतून येते.

बी-१०२: चावी कुणाकडे आहे?

डी-२०२: काढताय तर माझ्या पार्किंगमधली तुटकी सायकल पण काढा.

सी-३०३: सायकलीचं पण जनरल रजिस्टर आहे काय? 😂

सेक्रेटरी: विषयावर राहावे ही विनंती. ट्रंका उघडल्याच आहेत तर गेटवर हायस्कूलचा फलक लावायचाय, त्याचंही बघून घेऊ. मसुदा पुन्हा टाकतो : "कर्नाटक राज्यात स्थापन झालेले आपल्या भागातील जुने हायस्कूल".

ए-३०१: सेक्रेटरी साहेब, हे मी मीटिंगमध्येच सांगितलो. पहिल्या फीवहीत "२ रु. ८ आणे" आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, म्हणजे वही बहुधा त्याच्या आधीची. "कर्नाटक" हे नाव १ नोव्हेंबर १९७३ ला आलं. मग कर्नाटकात स्थापन कशी झाली?

सी-१०४: मग म्हैसूर राज्य लिहा, कर्नाटकाचं आधीचं नाव.

ए-००३: तेही आधी तपासा. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात. बेळगावातलं आपलं शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात. छापील फॉर्मवर राज्याचं नाव असतं, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. जुने कोरे फॉर्म संपेपर्यंत वापरायचे. मथळा "मुंबई राज्य" असला तरी आतली नोंद १९५८ ची निघू शकते. प्रवेशाची तारीख बघा. परीक्षेचा कॉलमही बघा : मुंबईच्या पद्धतीत हायस्कूल आठवी ते अकरावी आणि शेवटाला एसएससी. नंतर आपल्याकडं दहावीला एसएसएलसी. ज्या पानावर अकरावी संपते तिथं बदल सापडतो.

बी-४०२: फलक कन्नडमध्ये की मराठीत?

सेक्रेटरी: तो विषय इथं नको. कृपया.

सी-३०३: आधी भांडू, मग भाषांतर करू.

डी-२०२: भाषेमुळंच बंद पडली ना शाळा? सरळ लिहा की.

ए-३०१: तेवढंच कारण न्हवे. रजिस्टरात "आधीची शाळा" हा कॉलम वर्षवार वाचा. आसपासच्या मराठी प्राथमिक शाळांची नावं एकेक करून गळतात. सातवीत पोरं नाहीत तर आठवीत कुठनं येणार? आठवीचा प्रवेश घटला की तिसऱ्या वर्षी दहावी रिकामी. तोवर इंग्लिश मीडियमच्या बस गल्लीत आलेल्या. मास्तर निवृत्त झाले की जागा भरायच्या नाहीत, तेही खरं. पण फलकावर एक ओळ मावते, भांडण नाही.

डी-२०२: कॉलम वाचून बसच्या गाड्या पण दिसतात, वा.

सी-१०४: वाळवायला पानं पसरल्यात. फोटो टाकतो. (फोटो)

ए-००३: फोटो लगेच डिलीट करा, "सगळ्यांसाठी". त्यात नावं, जाती, जन्मतारखा आहेत. फोटो काढायचे तर ग्रुपसाठी नाही, यादीसाठी. आधी कव्हर, मग पानं क्रमानं, वरून सरळ, पान नंबर दिसेल असं.

सी-१०४: केलं डिलीट. सॉरी सर.

बी-१०२: दुसऱ्या ट्रंकेची चावी कुणाकडे आहे? तिसऱ्यांदा विचारतोय.

सेक्रेटरी: चाव्यांच्या बोर्डवर असेल बघा, "पंप" लिहिलेल्या हुकाला.

बी-१०२: तिथं पंपाची आहे.

सेक्रेटरी: ठीक. सोमवारी ११ वाजता मी आणि ए-००३ चे सर बीईओ ऑफिसला जातो. यादी दोन प्रतींत : रजिस्टरचं नाव, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, पानं किती, फाटकं किंवा भिजलेलं असेल तर तसं. एका प्रतीवर शिक्का आणि सही घेऊन सोसायटीच्या फाईलला लावू. रिक्षाभाडं कमिटी देईल.

डी-२०२: भाडं मेंटेनन्समधून? मला विचारलं कुणी?

ए-३०१: दोन ट्रंका एका रिक्षात मावत नाहीत, टेम्पो सांगा.

सी-१०४: सर, चिकटलेलं एक पान सुटलं. लाल शाई थोडी फुटली, नाव वाचता येतंय.

बी-१०२: कुलूप फोडायचं तर दोघांच्या समोर फोडा आणि तेही यादीत लिहा.